सातवीचा रांजण कोण भरतं

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. अनुराधा कामडी सातवीच्या वर्गाचं कुलूप काढतात, खिडक्या उघडतात, टाटपट्ट्या झटकून अंथरतात आणि कोपऱ्यातल्या रांजणाचं लाकडी झाकण उचलतात. रांजण काठोकाठ भरलेला आहे. बाहेरून हात लावला तर माती गार लागते, म्हणजे पाणी आजचंच. दार रात्रभर बंद होतं. त्या झाकण परत ठेवतात आणि फळ्यावर तारीख लिहायला घेतात.

संक्रांतीपर्यंत या रांजणाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पाणी होतं, मुलं पीत होती.

शाळा सरकारी आहे, सौसर तहसिलीतली, रामाकोन्याहून आत गेलेल्या रस्त्यावर. गावाचं नाव गावकऱ्यांच्या विनंतीवरून इथे दिलेलं नाही. शाळेच्या मागे पडकी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे लगेच मोरेश्वर पाटलांचा संत्र्याचा बगीचा सुरू होतो. तीन वर्ग, दोन शिक्षक. हेडसर योगेश सौसरहून मोटरसायकलने जाणं-येणं करतात. अनुराधा मॅडम गावातच राहतात, इंदूबाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत. लग्न केलेलं नाही. गावाने पहिल्या वर्षी त्याची चौकशी करून घेतली आणि मग विषय सोडून दिला.

त्या मूळच्या पांढुर्ण्याच्या. तिथल्या जुन्या वस्तीत त्यांचं लहानपण गेलं. नळ काही दिवसांआड यायचा, तोही उजाडायच्या आत. घरात पाणी भरणं थोरल्या मुलीकडे, म्हणजे यांच्याकडे होतं. आई शेजारपाजारी सांगायची, ‘आमची अनू झोपेतच पाणी भरते.’ मॅडम ही गोष्ट वर्गात हसत सांगतात. त्यांना स्वतःला भरलेला एकही हंडा आठवत नाही. घर कधी कोरडं राहिलं नाही, एवढंच ठाऊक आहे.

शिकवण्याची त्यांची एक रीत आहे. बुधवारचे शेवटचे दोन तास प्रश्नाचे. प्रश्न मुलांनी निवडायचा, शोध मुलांनी लावायचा, आणि मॅडमनी उत्तर सांगायचं नाही. त्यांना फक्त एक शब्द बोलायची मुभा आहे, ‘कशावरून?’ त्यामुळे गावात त्यांचं नाव कशावरूनबाई पडलं. राज्य हिंदी, म्हणून पुस्तकं हिंदीत आहेत आणि मुलं घरी मराठी बोलतात. पहिल्याच वर्षी मॅडमच्या लक्षात आलं की मुलं उत्तर हिंदीत देतात आणि प्रश्न मराठीत विचारतात. पाठ केलेलं हिंदीत निघतं, मनातलं मराठीत. तेव्हापासून बुधवारी हिंदीची सक्ती नाही. एका फांदीची दोन संत्री, एक आंबट आणि एक गोड, असं का? यावर मागच्या वर्षीच्या सातवीने दोन महिने घालवले. उत्तर अर्धवटच मिळालं. मॅडमनी ते तसंच फळ्यावर राहू दिलं.

या जानेवारीत प्रश्न निवडायची पाळी डिंपलची होती. डिंपल गुणवंताची मुलगी. गुणवंता हंगामात पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरतो. मुलगी बारीक, आवाज मोठा. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, आपला रांजण कोन भरते?”

वर्ग हसला. चेतन म्हणाला, “हे बी कोनी विचारते का? कलाबाई भरते.”

“कशावरून?” मॅडम म्हणाल्या.

चेतन धावत जाऊन विचारून आला. कलाबाई शाळेत मधल्या सुट्टीचं जेवण रांधते. तिने पळी हलवत सांगितलं, “मी काहून भरू? माह्याजवळ किल्ली कुठी आहे? तुमीच पोट्टे भरता ना घरी जाता जाता?”

मुलं भरत नव्हती. हेडसरांना वाटत होतं, मॅडमनी कुणाला तरी सांगून ठेवलं असेल. मॅडमना वाटत होतं, शेवटच्या तासाची मुलं भरून जातात. शिपाई मोतीराम दीड वर्षापूर्वी निवृत्त झाला आणि पावसाळ्यानंतर वारला. त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. सगळ्यांचा हिशेब जमवला तेव्हा लक्षात आलं की दीड वर्ष हा रांजण कुणीच भरत नव्हतं आणि एकही दिवस तो रिकामा नव्हता.

त्या बुधवारी मुलं रांजणाचं पाणी न पिता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी नवं कुलूप आणलं. कुणीतरी चावट पोराने दुसरी किल्ली करून घेतली आहे, असं त्यांचं मत होतं. नव्या कुलपाची एक किल्ली त्यांनी आपल्या खिशात ठेवली, एक मॅडमना दिली. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. रांजण भरलेला होता.

गावाला उत्तर लगेच सापडलं. मोतीराम पाणी भरून राहिला. नोकरीभर त्याने हेच काम केलं होतं. निवृत्तीनंतरही तो सवयीने शाळेच्या फाटकापर्यंत यायचा आणि उभा राहून परत जायचा, हे अनेकांनी पाहिलं होतं. लोक शाळेसमोरून जाताना चालायचा वेग वाढवू लागले. दोन घरांनी मुलांच्या हातात काळे दोरे बांधले.

कलाबाई मोतीरामची बायको. तिला हे पटलं नाही. “जिता होता तवा घरचा गुंड कदी उचलला नाई त्यानं,” ती म्हणाली. “आता मेल्यावर शाळेचं पानी भरते होय? भरू दे बाप्पा. तिकडं तरी कामाले लागला.” पण त्याच दिवशी तिने मुलांना एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ती हसत नव्हती. सैपाकाच्या पडवीत तिचा पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, असतो. रात्री ती तो सुलटा ठेवते. सकाळी तो पालथा असतो, आणि ओला.

मुलांनी ठरवलं की ज्यांचा ज्यांचा शाळेशी संबंध येतो, त्या सगळ्यांना विचारायचं. प्रत्येकाने उभं राहून सांगितलं, मी अमक्याला विचारतो. कुणी सरपंचाला, कुणी हेडसरांना, कुणी दूधवाल्याला, कुणी इंदूबाईंना. आठवडाभरात मुलांनी गाव पिंजून काढलं. सगळे नाही म्हणाले. मॅडमना कुणी विचारलं नाही. आपल्याला सुचलं नाही, असं मुलं आज सांगतात. मॅडमनाही ते सुचलं नाही.

मग राखेची युक्ती निघाली. ती चेतनची. संध्याकाळी उंबऱ्यापासून रांजणापर्यंत चुलीची राख चाळून पसरली आणि मॅडमनी कुलूप लावलं. सकाळी दार उघडलं तेव्हा सगळा वर्ग मॅडमच्या मागे उभा होता. राखेवर अनवाणी पावलं होती, आत गेलेली आणि बाहेर आलेली, एकावर एक, तीन-चार खेपांची. रांजणाजवळ पाणी सांडून राखेचा चिखल झाला होता आणि त्यात डाव्या पावलाचा एक ठसा स्वच्छ उमटला होता. चार बोटं दिसत होती. करंगळी नव्हती.

कलाबाईला बोलावलं. ती वाकली, बराच वेळ पाहत राहिली. “हा त्याचा पाय नोहे,” ती म्हणाली. “त्याचा पाय मंजे फावडं. हा बाईचा आहे.”

“पाय सरळ आहे,” चेतन म्हणाला. “भुताचा उलटा रायते. मंजे हे भूत नाई.”

“कशावरून?” मॅडमनी विचारलं.

“मंजे... लोक सांगतात.”

“लोकांनी पाहिलाय उलटा पाय?”

मॅडमनी ठशाची लांबी-रुंदी दोऱ्याने मापून घ्यायला सांगितलं. स्वतःच्या पावलाचा ठसा कुणी पाहून ठेवत नाही. त्यांनीही कधी पाहिला नव्हता.

त्या दिवसांत मॅडमची इंदूबाईंकडे एक तक्रार चालू होती. मोरी गळते. सकाळी उठलं की खोलीतली फरशी ओली असते, लुगड्याचा काठ ओला लागतो, आणि त्या सकाळी तर मोरीत राखट पाणी साचलं होतं. गवंडी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने मोरीची एक फरशी उचकटून पाहिली, परत बसवली आणि इंदूबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, “काकू, इथं काईच गळून नाई राह्यलं. मॅडमले सांगा, सपन पाह्यलं असन.”

बाईचा पाय म्हटल्यावर गाव आणखी घाबरलं. मोतीराम ओळखीचा होता. ही बाई कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात डिंपलला ताप आला. थंडीचे दिवस, निम्म्या गावाला ताप होता. पण प्रश्न तिने विचारला होता, त्यामुळे तिचा ताप वेगळा ठरला. रात्री झोपेत ती ‘पाय, पाय’ म्हणाली, असं तिच्या आजीने विहिरीवर सांगितलं, आणि मग ते सगळ्यांनी सांगितलं.

गुणवंता शाळेत आला. वर्गात शिरला नाही. दाराबाहेरच उभा राहिला.

“मॅडम, राम राम. माह्या पोरीले बाधा झाली.”

“ताप आहे, गुणवंताभाऊ. औषध दिलंय ना?”

“औषध देल्लं. गोष्ट औषधाची नाई. झाकलेलं होतं ते तिनं उघडलं. तुमी तिले विचाराले लावलं.” त्याचा आवाज चढला नव्हता. “मी तिले जामसावळीले नेतो. मारोतीच्या पायापाशी ठेवतो. चार महिने लागो का वरीस. मंग शाळा नाई.”

“परीक्षा तोंडावर आहे.”

“परीक्षेपेक्षा पोरगी मोठी.” तो थांबला. “पुढच्या शनवारपर्यंत थांबतो. तुमचं ते कशावरून-फशावरून संपवा. कोन भरते, सांगा. नाई तं मी नेतो.”

वर्षभर मंदिराच्या ओसरीत राहिलेली मुलगी परत सातवीत येत नाही. मॅडमना ते ठाऊक होतं. डिंपलला स्वतःलाही ते ठाऊक होतं. तिच्या आत्याची मुलगी अशीच गेली होती आणि मग थेट लग्नालाच परतली होती.

शाळेत वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा होते. सातवीचा वर्ग धुऊन काढला होता, चपला बाहेर होत्या. तापातून उठलेली डिंपल फुलांचं ताट घेऊन बसली होती. मॅडम बाहेरून पाय धुऊन आत आल्या आणि तिच्यासमोरून चालत तसबिरीपर्यंत गेल्या. कोरड्या फरशीवर त्यांची ओली पावलं उमटली. डाव्या पावलाला चार बोटं होती. करंगळी जराशी वर उचललेली, जमिनीला लागतच नव्हती.

ती पावलं वाळून जाईपर्यंत डिंपल पाहत राहिली, आणि कुणाला काही बोलली नाही.

त्यानंतरच्या बुधवारी तिने तोंड उघडलं नाही. मॅडमना वाटलं, बापाने दम दिला. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, हा प्रश्न सोडून देऊ ना जी. दुसरा घेऊ.”

“तुझा प्रश्न आहे. सोडायचा तर तूच सोड. पण कारण सांग.”

“असंच.”

“असंच हे कारण नसतं.”

डिंपलसमोर काय होतं, ते आता सांगता येतं. ती गप्प राहिली तर शनिवारी जामसावळी. बोलली तर मॅडमवर गाव उलटणार होतं. बाधा मुलीला नाही, मॅडमलाच झाली, असं म्हणायला फक्त एका वाक्याचा उशीर होता. आणि अशा मॅडमच्या हाती कुणी मुलं देणार नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीने यावर तीन रात्री विचार केला आणि ठरवलं की आपण जायचं.

वर्ग मात्र थांबायला तयार नव्हता. आता त्यांना पाण्याचा माग लागला होता. शाळेच्या हातपंपाचं पाणी खारं आहे, त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कलाबाई डाळीला रांजणातलंच पाणी घ्यायची. मुलांनी गावातल्या प्रत्येक ठिकाणचं पाणी बाटल्यांत आणलं, आणि कलाबाईच्या चुलीपुढे विटा मांडून डाळ शिजवायला बसले.

“डाळ कोनाच्या घरची?” कलाबाईने विचारलं.

“सगळ्यायच्या.”

“मंग खानार कोन?”

“प्रयोग झाल्यावर तुमी.”

“वा रे वा! चांगला आहे तुमचा प्रयोग. मीठ टाकून जा मंग.”

हातपंपाची डाळ टणक राहिली. पंचायतीच्या नळाचीही. रांजणाच्या पाण्यातली मऊ झाली आणि तशीच मऊ फक्त एका भांड्यातली झाली. ते पाणी मोरेश्वर पाटलांच्या बगीच्यातल्या जुन्या विहिरीचं होतं. चेतनच्या वडलांनी बगीच्यातल्या टाकीतून बाटली भरून आणली होती. विहीर शाळेच्या मागेच, पडक्या भिंतीपलीकडे, झाडांच्या आत. पायऱ्यांची विहीर आहे. मोटर बसल्यापासून तिच्यात कुणी उतरत नाही.

गुरुवारी दुपारी वर्ग तिकडे निघाला. परवानगी मागितली तेव्हा मोरेश्वर पाटील स्वतः सोबत आले. झाडं घनदाट लावलेली आहेत; दुपारीही आत उजेड हिरवट आणि कमी असतो. वाळक्या पानांवरून एक पायवाट भिंतीच्या खिंडारापासून सरळ विहिरीकडे गेली होती. पाटलांनी ती पाहिली आणि उभे राहिले. “इकडून आमचे मजूर नाई येत,” ते म्हणाले. “हे वाट कोनाची?”

विहिरीच्या काठावर डिंपल मॅडमसमोर आली. “मॅडम, तुमी वरतच थांबा. चेतन उतरते.”

“मुलांनी उतरायचं नाही. मी बाटली भरून आणते.”

“नोको ना जी, मॅडम.”

“का?”

डिंपल बाजूला सरली. मॅडम लुगड्याचा काठ हातात धरून उतरू लागल्या.

त्या पायऱ्यांत एक पायरी निखळलेली आहे. वरून ती दिसत नाही, कारण तिच्यावर बोरीची फांदी वाकलेली आहे. पाटलांचा एक गडी तिच्यावरून घसरून पाय मोडून बसला होता. सावध करायला पाटलांनी तोंड उघडलं, पण तोवर मॅडम तिथे पोचल्या होत्या. त्यांनी फांदी डाव्या हाताने बाजूला केली, ती पायरी सोडून खालच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि पुढे गेल्या. खाली न पाहता, त्या वेळी चेतनशी बोलत. स्वतःच्या घराचा उंबरा माणूस ओलांडतो, तसं.

खाली त्यांनी बाटली भरली आणि वर पाहिलं. काठावर सगळे ओळीने उभे होते.

“मॅडम,” पाटील म्हणाले, “तुमी याच्या आंधी आल्ता का इथंसा?”

“नाही. आजच पाहते मी ही विहीर.”

“मंग ते पायरी कशी चुकवली?”

“कुठली पायरी?”

त्यांनी मागे वळून पाहिलं. मग पायाशी पाहिलं. पाण्यालगतच्या दगडावर शेवाळ होतं आणि शेवाळात गुंडाच्या बुडाचा गोल डाग पडला होता. अनेक दिवस एकाच जागी गुंड टेकवला, तरच असा डाग पडतो. मॅडम किती वेळ उभ्या होत्या, याबद्दल मुलांत एकमत नाही. वर येताना त्या निखळलेल्या पायरीपाशी त्या अडखळल्या. पाऊल कुठे टाकावं, त्यांना कळेना. चेतन चार पायऱ्या उतरला आणि त्याने हात दिला.

वर्गात परत आल्यावर कुणी टाटपट्टीवर बसलं नाही. मॅडम खुर्चीत बसल्या. “डिंपल,” त्या म्हणाल्या, “तुला माहीत होतं.”

“हो जी.”

“कधीपासून?”

“सरस्वतीच्या पूजेपासून. तुमचा पाय.” ती रडत नव्हती. “मी कोनालेच नाई सांगतलं. मी सांगनार बी नाई. मी जातो जामसावळीले.”

मग मॅडमनी आपला शब्द वापरला. तो त्या दिवशी नेहमीपेक्षा हळू निघाला, असं मुलं सांगतात.

“कशावरून, डिंपल? माझाच पाय कशावरून?”

चेतनने राख आणली. मॅडमनी डावी चप्पल काढली, रांजणातलं पाणी पायावर ओतलं, पाऊल राखेवर दाबलं आणि उचललं. मुलं वाकली. मापाचा दोरा कुणीतरी लावला. मॅडम स्वतः वाकल्या नाहीत.

“जुळते,” चेतन म्हणाला.

दीड वर्ष त्या उजाडायच्या आत उठून कडी काढत होत्या, शाळेच्या पडवीतून कलाबाईचा गुंड घेत होत्या, अंधारात भिंतीच्या खिंडारातून बगीच्यात जात होत्या, निखळलेली पायरी चुकवून उतरत होत्या, तीन-चार खेपा करत होत्या, गुंड पालथा घालत होत्या, कुलूप लावत होत्या आणि परत येऊन झोपत होत्या. पांढुर्ण्यात रिकामं भांडं पालथं घालून ठेवायची सवय असते, म्हणजे धूळ जात नाही. त्यातला एकही क्षण त्यांना आठवत नाही. असं घडू शकतं, असं छिंदवाड्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. सुरुवात बहुतेक लहानपणी झाली असेल, असंही ते म्हणाले. पण लहानपणी नळ घरात होता. ही विहीर त्यांना कुणी दाखवली, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. कुणालाच सांगता आलेलं नाही.

शुक्रवारी, म्हणजे आज दुपारी, पालकांची सभा झाली. हेडसरांचं म्हणणं होतं की सांगू नये. “मी सांगतो, एका पोराकडे किल्ली होती. विषय संपला,” ते मॅडमना व्हरांड्यात म्हणाले. “तुमची बदली होईल, मॅडम. लोक काय काय बोलतील.”

“कुठल्या पोराकडे?” मॅडमनी विचारलं.

सभेत मॅडम उभ्या राहिल्या आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं. कुलूप, राख, डाळ, पायरी, पाय. आवाज एकसारखा होता. सांगून झाल्यावर त्यांनी डिंपलकडे हात केला. “प्रश्न हिने विचारला. हिला काही बाधा झालेली नाही. जे होतंय ते मला होतंय. हिने विचारलं नसतं, तर एखाद्या सकाळी मी त्या विहिरीत सापडले असते.”

मागे एक म्हातारी पुटपुटली, “बाईलेच लागलं मनायचं.” काहींनी माना हलवल्या. दोन बायका उठून बाहेर गेल्या, आपापल्या मुलांचा हात धरून.

उठून पहिली बोलली कलाबाई. “मंजे एवढे दिस मी माह्या नवऱ्याले उगाच शिव्या देल्ल्या,” ती म्हणाली. एक-दोघं हसले.

गुणवंता उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. “मॅडम,” तो म्हणाला, “तुमी झोपेत असता तवा तुमाले काई विचारलं, तं तुमी बोलता का?”

“मला ठाऊक नाही.”

“मंजे हे बी पाहा लागन.” तो डिंपलकडे वळला. “तू पाहशीन का?”

“मी पाहीन,” डिंपल म्हणाली.

गुणवंता खाली बसला. शनिवारचं त्याने काही काढलं नाही. सभा संपल्यावर, जाता जाता, तो हेडसरांना म्हणाला की पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे.

पाटलांनी संध्याकाळपर्यंत विहिरीच्या तोंडाशी बोरीच्या काट्या रचल्या आणि सोमवारी जाळीचं फाटक लावायचं कबूल केलं. इंदूबाईंनी मॅडमच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. कडी तोच गवंडी बसवून गेला. त्याने या वेळी काही विनोद केला नाही. बाकीचं सातवीने ठरवलं, आणि मॅडमनी ते मान्य केलं. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या मॅडमजवळ किंवा हेडसरांजवळ राहणार नाहीत. कलाबाईचा गुंड कलाबाईच्या घरी जाईल.

“आता तं सगळंच बंद झालं,” निघताना चेतन म्हणाला. “आता नाई भरनार.”

“कशावरून?” डिंपलने विचारलं.

रांजण मुलांनी संध्याकाळी उपसून, कापडाने पुसून कोरडा केला आहे आणि वर झाकण ठेवलं आहे. दोन्ही किल्ल्या गुणवंताच्या घरी, दाराच्या आतल्या खिळ्याला आहेत. उद्या शनिवार आहे, शाळा साडेदहाला भरते. दहा वाजता डिंपल कुलूप काढेल आणि झाकण उचलेल.